थप्पीभोवतीची वाट

धान्याच्या गोदामात शिरलं की माझं लक्ष आधी जातं ते मोकळ्या जागेकडे. थप्पी भिंतीला टेकलेली नसते. चहूबाजूंनी माणूस फिरेल एवढी वाट सोडलेली असते. खाली लाकडी फळ्या, म्हणजे जमिनीची ओल पोत्याला लागत नाही. एक थर आडवा, त्यावरचा उभा, गवंड्याच्या सांधेमोडीसारखा. तळात पोती किती, थर किती, एवढं मोजलं की साठा कळतो. थप्पीला अडकवलेल्या कार्डावरचा आकडा त्याच्याशी जुळायला हवा.

पीक चांगलं आलं की मालकाला ती वाट फुकट गेल्यासारखी वाटते. तिथे पोती कोंबली की मागची जुनी थप्पी अडकते. नवा माल दाराशी, म्हणून तोच आधी उचलला जातो आणि जुन्याला सोंडे लागतात.

ही सगळी रचना हमालाच्या अंगात असते. 50 किलोचं पोतं पाठीवर घेऊन कुठल्या थरावर कसं टाकायचं, हे त्याला सांगावं लागत नाही. या माणसांना कायद्याचं छत्र मिळायला 1969 उजाडलं, माथाडी कायदा आला तेव्हा. फार उशीर झाला होता, असंच मला वाटतं.

सांगलीजवळ हरिपूरला सगळंच उलटं. कृष्णा-वारणेच्या संगमाकाठी घट्ट मातीत खोदलेली खोल पेवं, आत हळद, तोंड मातीनं लिंपलेलं. वाट नाही, हवा नाही, म्हणून कीडही नाही. हळद वर्षानुवर्षं टिकते. पण पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही. तोंड तासन्‌तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. विझला तर अजून थांबायचं. 2005च्या महापुरात यातल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. इतक्या पारखून निवडलेल्या जागेची अशी दैना व्हावी, याची हळहळ अजून जात नाही.

नाशिककडच्या कांदाचाळीला मात्र वारा हवा, तोही खालून-बाजूनं खेळता. तळ जमिनीपासून उचललेला, थर पाचेक फुटांच्या वर नाही, नाहीतर खालचा कांदा दबतो. इथे वहीतल्या हिशेबाची पंचाईत होते. कांदा जिवंत असतो, पाणी सोडतो, कोंब धरतो. एप्रिलमध्ये शंभर क्विंटल भरलेली चाळ दिवाळीला शंभर उतरत नाही, आणि ही घट चोरीची नसते. पावसाळ्यात शेतकरी नाकानं साठा तपासतो. आंबूस वास आला की ती बाजू उपसायची, सडका कांदा काढून टाकायचा आणि त्या कप्प्यातला उरलेला माल, भाव असो नसो, आधी लासलगावला न्यायचा.