जिप्सम बोर्डाची हत्यारं

आमचं घर सुतारांचं. लांज्याजवळ आमच्या गावी वडील दारं-खिडक्या करायचे, देव्हारे करायचे, पावसाळ्याआधी लोकांच्या नांगरांची डागडुजी करायचे. फणसाचं लाकूड आलं की आधी त्यावर हात फिरवून तंतू कुठे वळलाय ते बघायचे आणि मगच करवत उचलायचे. माल बघून हत्यार घ्यायचं, ही शिस्त मला तिथे लागली. मी डोंबिवलीला इंटिरियरच्या कामात शिरलो तेव्हा प्लायवूड आणि सनमायकाचे दिवस होते. पुढे फॉल्स सीलिंग आलं, पीओपीच्या जागी जिप्सम बोर्ड आले, बोर्डाची पार्टिशनं आली. आज आमच्या टोळीकडे येणारं बरंचसं काम बोर्डाचंच असतं.

सुताराच्या हाताला बोर्ड लागला की तो आपसूक करवत शोधतो. पण बारीक दात्यांची लाकडाची करवत इथे चालत नाही. दात्यांच्या फटीत पांढरी भुकटी भरते, कागद कडेला उचकटतो आणि ज्या करवतीला घासून घासून धार लावली ती दोन-चार बोर्डांत बोथट होते. म्हणून कामावर नवीन मुलगा आला की मी त्याला आधी हत्यार देत नाही. बोर्डाचा वीतभर तुकडा देतो आणि दोन्ही बाजूंचा कागद ओला करून खरवडून काढायला सांगतो. कागद गेल्यावर जे पांढरं उरतं ते तो बोटांनी सहज मोडतो. मग तेवढाच दुसरा, कागद असलेला तुकडा मोडायला सांगतो. त्याला जोर लावावा लागतो. एवढं केलं की पुढचं सगळं शिकवणं सोपं होतं, कारण बोर्डाची ताकद कागदात आहे हे त्याला स्वतःच्या हातांनी कळलेलं असतं.

आतला गाभा म्हणजे जिप्सम. आपल्या देशात तो मुख्यतः राजस्थानातून निघतो. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग हे त्यात रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी असतं. आग लागली की ते पाणी वाफ होऊन निघतं आणि तोवर भिंतीची दुसरी बाजू फारशी तापत नाही. आगीला असा टिकणारा गाभा वाकवला मात्र की तडकतो. तो ताण झेलायला दोन्ही बाजूंना कागद असतो. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत ऑगस्टिन सॅकेट यांनी १८९४ मध्ये कागद आणि प्लास्टरचे एकावर एक थर देऊन केलेल्या बोर्डाचं पेटंट घेतलं होतं. तिथली घरं आज आतून जवळजवळ सगळी या बोर्डांचीच असतात. आपल्याकडे बाहेरच्या भिंती विटांच्या नाहीतर ब्लॉकच्याच राहिल्या, आणि बोर्ड शिरला तो छताला आणि खोलीच्या मधल्या आडोशाला.

मग कागद कापायला काय लागतं? धारदार पातं. अठरा मिलिमीटरचं, टोक मोडून नवी धार काढता येणारं साधं कटर हे माझ्या मते या कामातलं सगळ्यात मोलाचं हत्यार आहे, आणि सगळ्यात स्वस्तही. हे मोडतं पातं जपानमध्ये ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी १९५६ मध्ये तयार केलं. ते छापखान्यात काम करत, दिवसभर कागद कापत. पातं बोथट झालं की पूर्ण फेकून द्यावं लागतं, हे त्यांना खटकत होतं. फुटलेल्या काचेच्या धारदार कडा आणि चौकोन पाडलेलं चॉकलेट यांवरून त्यांना टोक मोडायची कल्पना सुचली. कागदासाठी जन्मलेलं पातं बोर्डाला इतकं चपखल बसतं, याचं मला मनापासून समाधान वाटतं.

कापायची रीत अशी. बोर्डाची दर्शनी बाजू वर घ्यायची, पट्टी घट्ट दाबून धरायची आणि एका दमात एकच रेघ ओढायची. कागद पूर्ण तुटला आणि पातं गाभ्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटर उतरलं की पुरे. मग बोर्ड उभा करून रेघेच्या मागून तळव्याने किंवा गुडघ्याने झटका द्यायचा. गाभा ठिसूळ असल्यामुळे भेग रेघेतूनच धावते आणि साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड सरळ तुटतो. मागचा कागद बिजागरीसारखा दोन्ही तुकडे धरून ठेवतो. त्या घडीवरून पातं फिरवलं की काम झालं. धूळ पडते ती चिमूटभर. पातं बोथट असेल तर मात्र कागद कापण्याऐवजी फाटतो, रेघेच्या कडेला सुरकुती पडते आणि जॉइंटवर कितीही कंपाउंड भरलं तरी रंगाच्या उजेडात ती दिसतेच. त्यामुळे टोक मोडायला कंजुषी करू नये. आमच्याकडे सरळ लांब काप दोन-तीन झाले की टोक मोडायचं, कोणी विचारायचं नाही. पात्याची एक किंवा दोनच घरं बाहेर ठेवायची. जास्त बाहेर काढलं तर पातं वळतं आणि पट्टीवरून घसरून बोटांवर येतं.

पट्टी निवडण्यात लोक आळस करतात. साइटवर पडलेला जीआय चॅनल उचलायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची, हे सर्रास चालतं. चॅनलचा पत्रा पातळ, जरा दाबला की मधे वाकतो. सहा फुटांच्या रेघेत दोन-तीन मिलिमीटरचं पोट आलं की शेजारच्या बोर्डाशी फट राहते. जाड अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी घ्यावी. शक्य असेल तर बोर्डाच्या चार फूट रुंदीएवढा टी-आकाराचा गुण्या घ्यावा. त्याचं डोकं बोर्डाच्या कडेला अडकलं की काटकोन आपोआप मिळतो. मशीद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानांची रांगच आहे. तिथे गुण्या बघताना मी तो फरशीवर टेकवून रेघ मारतो, मग उलटा करून त्याच जागी पुन्हा रेघ मारतो. दोन रेघा एकमेकींवर बसल्या तरच पैसे देतो. ही परीक्षा वडिलांची. ते लाकडी गुण्याचीही अशीच परीक्षा घ्यायचे.

आता ग्राइंडरबद्दल. मिनिटाला दहा हजारांवर फेरे मारणारी चकती बोर्डावर टेकवली की काप झटपट होतो, यात शंका नाही. पण तेवढ्या वेळात खोलीभर पांढरा धूर होतो. तो धूर गादीत जातो, पंख्यावर बसतो, एसीच्या जाळीत अडकतो, आणि कापणारा पोरगा दिवसभर तो छातीत घेतो. तोंडाला बांधलेल्या रुमालातून ही बारीक भुकटी आरामात आत जाते. गावाकडून आलेली पंचविशीच्या आतली मुलं संध्याकाळी खोकत जिना उतरताना मी बघितली आहेत. त्यांच्यापैकी कोणाचाच काही विमा नव्हता, आणि घरी पैसे पाठवायचे म्हणून कोणी खाडा करत नव्हता. त्या मुलांकडे बघूनच मी ठरवलं की माझ्या साइटवर बोर्डाला ग्राइंडर लागणार नाही.

डोंबिवली पूर्वेला एका घरी मुलाच्या दहावीच्या वर्षात हॉलमध्ये पार्टिशन घालून अभ्यासाची खोली करायची होती. घरात आजी होत्या, त्यांना दमा. बाहेर राहायला जायची सोय नव्हती. त्यांना आधी एका ठेकेदाराने सांगितलं होतं की आजींना दोन दिवस नातेवाइकांकडे पाठवा, मशीन लावून उरकून टाकतो. मी मुलाच्या आईला म्हटलं, "वहिनी, आजींना कुठे पाठवू नका. त्यांच्या खोलीचं दार लावून घेऊ आणि हाताने कापू." सोसायटीत दुपारी दोन ते चार आवाजाच्या कामाला बंदी होती. ड्रिल, स्क्रू मारणं सगळं बंद. पण कटरला आवाजच नसतो. त्या दोन तासांत आम्ही खालच्या पार्किंगमध्ये बोर्ड ठेवून पुढच्या मापाचे तुकडे कापून ठेवायचो आणि चारनंतर नुसते वर नेऊन लावायचो. सहा बाय चारचा एक बोर्ड १८-२० किलो भरतो, इमारतीला लिफ्ट नव्हती, त्यामुळे कापून हलके झालेले तुकडे जिन्याने नेणंही सोपं गेलं. आजी तिसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन हॉलमध्येच बसल्या आणि मुलांना चहा हवा का विचारू लागल्या. मशीनने वेळ वाचतो असं म्हणणाऱ्यांनी झाडण्या-पुसण्याचा वेळही हिशेबात धरावा.

सगळं काम कटरने होतं असं मात्र नाही. स्विचबोर्डसाठी मधोमध चौकोन काढायचा असेल तर रेघ मारून तोडता येत नाही. तिथे हाताच्या पंज्याएवढ्या लांबीची, मोठ्या दात्यांची, टोकदार जॅब सॉ लागते. टोक बोर्डावर ठेवून मुठीवर तळव्याने ठोकलं की ती आरपार जाते, मग चारही बाजू कापायच्या. तिचे दाते मोठे असल्यामुळे भुकटी अडकत नाही आणि खाली जड कणांनी पडते. बोर्ड आधीच भिंतीला लावलेला असेल तर मागे वायर असू शकते. त्या वेळी मेन बंद करायचा आणि पात्याचं टोक दोन बोटांएवढंच आत राहील असं धरून तिरकं कापायचं. दाराच्या वर एल आकाराचा तुकडा लागतो तेव्हा दोन्ही हत्यारं कामाला येतात: आतली छोटी बाजू जॅब सॉने कापायची, लांब बाजू कटरने रेघून तोडायची. तिथे बोर्डाचा जोड दाराच्या कोपऱ्याशी येऊ देऊ नये. दार आपटलं की भेग नेमकी तिथून वर जाते.

सीलिंगच्या गोल दिव्यांसाठी बहुतेक जण ड्रिलला होल सॉ लावतात. एकाच मापाची खूप भोकं असतील तर ते ठीक आहे, फक्त वेग कमी ठेवावा आणि खाली भुकटी झेलणारी वाटी असलेला नग घ्यावा, कारण डोक्यावर धरून भोक पाडताना सगळं तोंडावरच येतं. दिवे चार-पाचच असतील तर मी कंपाससारखा सर्कल कटर वापरतो. मधली सुई आरपार टोचायची, दर्शनी बाजूला चाक फिरवून कागद कापायचा, त्याच भोकातून मागच्या बाजूलाही फिरवायचं आणि हातोडीचा हलका ठोका द्यायचा. चकती सुटून पडते. बोर्ड वर चढवण्याआधी, जमिनीवर असतानाच हे करावं लागतं, एवढंच.

दुरुस्तीचं काम निराळं. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी झिरपून सीलिंग फुगलं की भिजलेला भाग चौकोनात काढावा लागतो. झटका देऊन तोडायला जागा नसते आणि जॅब सॉच्या धक्क्यांनी भिजलेला बोर्ड आणखी ढासळतो. अशा वेळी मी मल्टिटूल काढतो. त्याचं पातं गोल फिरत नाही. जागच्या जागी अगदी थोडं डावी-उजवीकडे थरथरतं. माझ्या मुलीचा हात मोडला होता तेव्हा डॉक्टरांनी प्लास्टर कापायला हेच तत्त्व असलेलं यंत्र आणलं आणि तिची भीती जावी म्हणून आधी स्वतःच्या तळहाताला लावून दाखवलं. कडक प्लास्टर कापलं जातं, आणि मऊ कातडी त्या थरथरीबरोबर हलत असल्यामुळे सहसा सुटते. पुढे वाचलं तेव्हा कळलं की प्लास्टर कापायचं असं यंत्र होमर स्ट्रायकर या अमेरिकन डॉक्टरांनी १९४०च्या दशकात केलं होतं. हाडाला घातलेलं जुन्या पद्धतीचं प्लास्टर आणि आमच्या बोर्डाचा गाभा, दोन्ही जिप्समच. घरातल्या कामात मात्र तळहात लावून बघू नये, आमच्या पात्यांचे दाते वेगळे असतात आणि ते कापतात.

एक गोष्ट ग्राहकांनीही लक्षात ठेवावी. बाथरूममध्ये किंवा बाहेरच्या बाजूला सिमेंट बोर्ड लावतात. रंग दिल्यावर तो जिप्समसारखाच दिसतो, पण त्याचा स्वभाव दगडाचा. त्याला कटर पुरत नाही, तिथे डायमंड चकती लागते. त्याच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसाला जन्माची इजा करते. तो खोलीत कापूच नये. गच्चीवर नेऊन, पाणी सोडत, एन-९५ मास्क लावून कापावा. एकच मशीन घेऊन दोन्ही बोर्ड कापणारा माणूस आला तर त्याला थांबवायचा घरमालकाला पूर्ण हक्क आहे.

राहिला कडांचा प्रश्न. तोडलेली कड खडबडीत असते, तिच्यावर जाळीदार कानस दोनदा फिरवली की बोर्ड बोर्डाला नीट भिडतो. मापही दोन-तीन मिलिमीटर कमीच धरावं. ठोकून बसवलेल्या बोर्डाची कड चुरते. किंचित सैल बसलेली फट टेप आणि कंपाउंड सहज झाकतात.

मोडलेली टोकं आम्ही रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकतो. डबा भरत आला की झाकण ठोकून, टेप गुंडाळून, वर मोठ्या अक्षरांत लिहून भंगारवाल्या काकांच्या हातात देतो. पूर्वी ती मलब्याच्या गोणीतच जायची, आणि त्या गोण्या उपसणाऱ्या बायकांच्या हातात हातमोजे नसतात.