उलथलेलं आरमार

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांच्या कुशीत स्कापा फ्लोचं पाणी पसरलं आहे. वर करडं आभाळ, खाली करडं पाणी. मधेच एखादा सील डोकं वर काढून बघतो आणि बुडी मारतो. ऐन उन्हाळ्यातही हे पाणी जेमतेम तेरा-चौदा अंशांवर येतं. त्यामुळे ड्रायसूट चढवूनच उतरायचं. अंग कोरडं राहतं, पण ओठ बधिर व्हायचे ते होतातच.

दोरी धरून खाली जाताना आधी नुसता हिरवा धूसरपणा. मग त्यातून काळसर उतरण पुढे येते. ‘मार्कग्राफ’ या जर्मन युद्धनौकेचा हा तळ.

पहिलं महायुद्ध थांबलं होतं, तह व्हायचा होता, आणि जर्मनीची ७४ जहाजं इथे नजरकैदेत होती. ती शत्रूच्या घशात जाऊ नयेत म्हणून २१ जून १९१९ रोजी अ‍ॅडमिरल लुडविग फॉन रॉयटरने आपलंच आरमार बुडवायचा हुकूम सोडला. झडपा उघडल्या गेल्या आणि संध्याकाळपर्यंत ५२ जहाजं बुडाली. त्या धुमश्चक्रीत ब्रिटिशांच्या गोळ्यांनी ९ जर्मन मारले गेले. मार्कग्राफचा कप्तान त्यांतलाच.

पुढे बहुतेक जहाजं भंगारासाठी वर काढली गेली. जी राहिली, त्यांत तीन बड्या युद्धनौका आहेत, आणि तिन्ही उलथलेल्या. तोफांच्या बुरुजांचं वजनच त्यांना भोवलं. जे मिरवायला बांधलं होतं ते गाळात तोंड खुपसून आहे. जे कुणाच्या नजरेला पडायचंच नव्हतं, त्या तळावर आता वस्ती आहे.

भोवताली मऊ गाळ. चिकटून राहणाऱ्या जिवाला तिथे थारा नाही, म्हणून पोलाद दिसेल तिथे गर्दी. टॉर्च टाकला की रंग उमटतात: केशरी, पांढरे सी-अ‍ॅनिमोन, जाड देठावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे फुललेले. हाताने पाणी जरा जोरात हललं तरी सगळा पिसारा आत ओढून घेतात. शेजारी मऊ प्रवाळाची जाडसर बोटं. जवळून पाहावं तर प्रत्येक बोटावर असंख्य इवले जीव, प्रत्येकाला आठ-आठ भुजा, वाहत्या पाण्यातलं अन्न टिपत बसलेले. फटीत लांबोडका लिंग मासा, हनुवटीला एकच मिशी. तो हलत नाही. आपणच बाजूला होतो.

या अवशेषांना कायद्याचं संरक्षण आहे. इथून साधा खिळाही उचलता येत नाही. गंजाला मात्र कायदा लागू नाही. पत्रे सुटतात, खाली ढासळतात, त्यांवरची वस्तीही त्यांच्याबरोबर जाते आणि उघड्या पडलेल्या पोलादावर नवी बसते. समुद्र इथे काही जपून ठेवत नाही, वापरतो.

रॉयटरचा हुकूम एका दिवसात अमलात आला, असं इतिहासात लिहिलेलं असतं. खाली उतरलं की वाटतं, तो अजून पुरा व्हायचा आहे.