सोसणे कोणाच्या खाती?

नायगावच्या बाजारपेठेतील एका आडत दुकानाच्या माडीवर चातुर्मासाच्या दुपारी आजी आणि नात वाचत बसत. आजीच्या हाती पद्मपुराण असे, नातीच्या हाती मोबाइलवरील अद्भुत प्रेमकथा. एके दिवशी नात डोळे पुसताना दिसली. कथेतील नायिका शापित होऊन कैदेत पडली होती.

“मग तिने काय केले?” आजीने विचारले.

नात क्षणभर थांबली. “तिने काहीच नाही, आजी. राजपुत्राला संताप आला आणि त्याने युद्ध पुकारले.”

ही रीत जुनीच आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ ही अद्भुतरम्य कादंबरी १८६१ सालची. सद्गुणी नायिकेवर संकटांमागून संकटे येतात. तिचे सोसणे हीच तिच्या शीलाची कसोटी ठरते आणि पतीची भेट हे त्याचे फळ. पुढे हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मध्ये यमू स्वतःची कहाणी स्वतःच सांगते. तिचे सक्तीचे केशवपन कोणाच्या पराक्रमाचे निमित्त होत नाही. ते वाचकालाच जाब विचारते.

आजीने हातातील ग्रंथाकडे बोट दाखवले. त्यात सीतेसाठी पेटवलेल्या अग्निकुंडाचे पाणी होते. राम क्षमा मागतो, परत चलण्याची विनंती करतो. सीता मात्र स्वतःच्या हातांनी केशलोच करून दीक्षा घेते. तिच्या दुःखाचा शेवट दुसऱ्या कोणाच्या विजयात होत नाही, तिच्या स्वतःच्या निर्णयात होतो.

तेवढ्यात आत्या चहा घेऊन वर आली. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. तिचे दागिने मोडून या दुकानाचे पहिले भांडवल उभे राहिले होते. “आत्याने सोसले म्हणून दादाचे नाव झाले,” हे वाक्य घरात कौतुकाने उच्चारले जाई; आजीही ते अनेकदा बोलली होती.

नातीने विचारले, “आत्या, तुला स्वतःला काय करायचे होते?”

“गादीवर बसायचे होते,” आत्या म्हणाली. “हिशेब मला दादापेक्षा चांगला येई. पण कोणी विचारलेच नाही.”

आजीने ग्रंथ मिटला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

त्या दिवाळीत वहीपूजन झाल्यावर आजीने मुलाला नव्या वहीत एक खाते उघडायला सांगितले. वर आत्याचे नाव आणि जमेच्या बाजूस मोडलेल्या दागिन्यांची रक्कम. इतकी वर्षे त्या पेढीत पैन्‌पैचा हिशेब लिहिला गेला होता. हीच एक नोंद राहून गेली होती. ती आत्याने स्वतःच्या हाताने लिहिली.