कव्हरवर किल्ला नाही

मामेभावाच्या अल्बमचं कव्हर मी करायचं ठरलं, तेव्हा घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: किल्ला टाक. त्यात वावगं काही नव्हतं. निंबाळकरांनी 1745च्या सुमारास बांधलेला हा चौकोनी भुईकोट खर्ड्याची ओळख आहे. 11 मार्च 1795ला याच मुलखात शिंदे, होळकर, भोसले पेशव्यांच्या बाजूने एकत्र लढले आणि निजाम हरला. मीही हौसेने कॅमेरा घेऊन गेले. सकाळच्या तिरप्या उन्हात घडीव दगडांची कड न् कड उठून दिसते. मात्र 2021मध्ये उभारलेला 74 मीटरचा स्वराज्य ध्वज चौकोनी चौकटीत पुरा घ्यावा, तर किल्ला तळाशी चेपला जातो. ध्वज वगळून काढलेले फोटो सुरेख आले, पण दादाची गाणी त्यांत कुठेच नव्हती.

ती गाणी ऊसतोडीची आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास जामखेड तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत माघारी फिरता येत नाही. दादाने ही गाणी मामीच्या तोंडून ऐकली, हलगीच्या जोडीला गिटार घेतली आणि भिंतींना गाद्या टेकवून घरातच रेकॉर्डिंग केलं. अल्बमचं नाव ठेवलं ‘उचल’. कंपनी नाही, निर्माता नाही. ज्यांची ही गाणी, ती माणसं फडात भाकरी खाताना, डोक्यावर ऊन असताना, काच तडकलेल्या मोबाइलवर ती लावणार. मला कव्हर त्यांच्यासाठी करायचं होतं.

एके काळी रेकॉर्ड साध्या पाकिटात मिळायच्या. 1940च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया कंपनीच्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइसने त्यांवर चित्रं आणली. पुढे एलपीमुळे चित्रकाराला बारा इंची चौकोन मिळाला, कॅसेटने तो तळहातावर आणला. आता 3000 बाय 3000 पिक्सेलची फाइल द्यायची आणि गाण्यांच्या यादीत ती नखाएवढी दिसणार. म्हणून प्रत्येक कच्चं चित्र आधी नखाएवढं करून, फोन अंगणात उन्हात धरून बघायचं, असा नियम केला. उसाने भरलेल्या ट्रॉल्या गेल्या, कोयता गेला, दादाचा चेहराही गेला. उन्हात सगळ्याचा करडा गोळा व्हायचा. टिकलं ते निळं दार. टोळी गेल्यावर वस्तीवर कुलूप लागलेली अशी दारं महिनोन्महिने उभी असतात. नावात उचल आहे, तर चित्रात तिच्यामुळे बंद झालेलं घर असावं, हे दादालाही पटलं.

मामीने चित्र हातात घेतलं आणि म्हणाली, ‘‘अगं, कुलपाला चिंधी कुठंय? उघडं ठेवलं तर धुरळा जाऊन गंजतंय. आल्यावर किल्ली फिरंल व्हय?’’ तिने जुन्या लुगड्याचा पिवळा तुकडा फाडला आणि कुलपाभोवती दोन वेढे देऊन गाठ मारून दाखवली. फोनवर नुसतं कुलूप काळ्या ठिपक्यासारखं दिसत होतं. निळ्यावरची ही पिवळी गाठ उन्हातही लांबून ओळखू येते.

अक्षरांवर मी सगळ्यात जास्त रेंगाळले. कमल शेडगे नाटकाचं नाव असं लिहीत, की नाटकाची जात त्या अक्षरांतच दिसे. तयार फाँटमधून मला तसं काही सापडेना. बारीक घेतला तर शिरोरेखा नाहीशी व्हायची, जाड घेतला तर ‘च’चं पोट बुजायचं. शेवटी ट्रॉल्यांवर नावं रंगवणाऱ्या पेंटरदादांकडे गेले. त्यांनी खडू लावलेली दोरी ताणून टिचकीने रेघ उमटवली, चपटा ब्रश घेतला आणि ‘च’चं पोट मुद्दाम ऐसपैस सोडलं. ‘‘गाडी पळती असली तरी वाचता आलं पाहिजे,’’ म्हणाले. माझी अडचण त्यांनी रोजच्या कामात केव्हाच सोडवलेली होती.

सवयीने त्यांनी कोपऱ्यात आपलं नाव आणि मोबाइल नंबरही टाकला. कव्हरवर नंबर असला की ऑनलाइन वितरक चित्र परत पाठवतात. नंबर काढला, नाव तिथेच राहू दिलं, श्रेयनामावलीतही घातलं. नंबरसकटचं मूळ चित्र आता वस्तीवरच्या एका ट्रॉलीच्या फाळक्यावर त्यांच्याकडूनच रंगवून घ्यायचं आहे, टोळ्या हलायच्या आत.