माठाच्या बुडातली बाग

उन्हाळा सरत आला की धाराशिवमधील बऱ्याच घरांच्या मागल्या दारी एखादा माठ उपडा पडलेला आढळतो. तो फुटलेला असतोच असे नाही. बहुधा थकलेला असतो. बोअरच्या जड पाण्यातील क्षार त्याच्या सूक्ष्म छिद्रांत साचत जातात, झिरपणे मंदावते, आणि झिरपणे थांबले की गारवाही थांबतो. असाच एक माठ आमच्याकडे दोन वर्षे पडून होता. पुढे त्याचा गळा फुटला, पण बूड शाबूत राहिले. त्या रुंद, उथळ बुडात आज मांसल पानांची सात रोपे उभी आहेत आणि त्यांची राखण माझे वडील, अण्णा, करतात.

गुडघ्यांनी साथ सोडल्यावर अण्णांनी तेरणाकाठची शेती बटईने दिली आणि ते आमच्याकडे राहावयास आले. ज्या माणसाचे हात सारा जन्म मातीत राबले, त्याला दिवसभर खुर्चीत बसवणे ही विश्रांती नव्हे. त्यांचे बोलणे कमी झाले, जेवणातले लक्ष उडाले. दारी बाग करावी म्हटले, तर पाण्याचा प्रश्न. नळाला काही दिवसांआड पाणी येते. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे इकडे कोणी विसरलेले नाही. साठवणीचे पाणी गुलाबाला घालणे अण्णांना पाप वाटे. तेव्हा झाडच असे हवे होते, ज्याला पाणी न देणे हीच त्याची निगा.

हल्ली रोपवाटिकांत ‘सक्युलंट’ म्हणून जी रोपे मिळतात, ती याच जातीची. त्यांची रीत मोठी शहाणपणाची आहे. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडतात आणि त्यांतून पुष्कळ पाणी गमावतात. यांच्यातील बरीच रोपे मात्र रात्रीच्या गारव्यात रंध्रे उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लरूपाने साठवून ठेवतात आणि दिवसा दारे बंद करून उन्हात अन्न तयार करतात. आमची कोरफड, पानफुटी ही मंडळी याच पंथातली.

बुडाचे कुंडीत रूपांतर करण्यास खर्च जवळजवळ नाही. बाहेरचा पांढरा क्षार काथ्याने घासून काढला. काठाची धार ओल्या दगडावर घासून बोथट केली. बूड रात्रभर पाण्यात भिजवले, पोत्यावर पालथे ठेवले आणि टोकदार खिळा न ठोकता, थेंब थेंब पाणी सोडत गोल फिरवून बोटाएवढे भोक पाडले. हे भोक अत्यावश्यक आहे. जुन्या माठाची छिद्रे बुजलेली असल्याने नव्या कुंडीसारखा तो बाजूंनी श्वास घेत नाही. भोकावर फुटक्या गळ्याचीच एक खापरी पालथी ठेवली.

मग माती. मी अंगणातली काळी माती भरू लागलो, तेव्हा खुर्चीतून आवाज आला, “ह्या मातीत मुळ्या सडतील. मुरूम आण की!” कित्येक दिवसांत अण्णांनी स्वतःहून काढलेला तो पहिला विषय. काळी माती पाणी धरून फुगते, सुकली की आक्रसून मुळे तोडते. कापसाला ती चालते, ह्या रोपांना नाही. दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग जाड वाळू व विटांचे बारीक तुकडे, एक भाग माती आणि मूठभर कुजलेले शेणखत, हे प्रमाण त्यांनी हाताने चाचपून ठरवले. मातीची पारख इकडे जुनीच. गोरोबाकाकांचे तेर आमच्याच जिल्ह्यातले, आणि तेथील वस्तुसंग्रहालयात रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या सातवाहनकालीन भाजक्या मातीच्या वस्तू आजही पाहता येतात.

रोपांपैकी दोन विकत आणली, 80 रुपयांना. बाकीची शेजाऱ्यांकडून मागितलेल्या पानांची. तोडलेले पान लगेच लावू नये. तीन-चार दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी, मग मातीवर नुसते टेकवावे. रोप लावल्यावरही आठवडाभर पाणी देऊ नये.

अण्णांना हेच जड गेले. पेरले की पाणी द्यायचे, हा त्यांचा आयुष्यभराचा रिवाज. आता ते रोज सकाळी काठीच्या आधाराने ओसरीपर्यंत येतात, मातीत दोन पेरे बोट घालतात, ओल लागली तर हात पुसून परततात. कोरडे लागले तरच एक वाटी पाणी. भर उन्हाळ्यात दुपारचे ऊन पाने भाजते म्हणून कुंडी सावलीकडे, आणि पावसाळ्यात वळचणीच्या आत. खाली बशी ठेवलीच, तर तीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ साठ्यात अंडी घालतो.

अशा दोन-चार कुंड्यांनी घरातील हवा शुद्ध होते, असे सर्रास सांगितले जाते. त्या समजुतीला 1989 मधील ‘नासा’च्या ज्या प्रयोगांचा आधार दिला जातो, ते बंदिस्त पेटीतले होते, वाहत्या हवेच्या घरात तेवढा परिणाम साधायला खोलीचे रान करावे लागेल. त्यापेक्षा खिडकी उघडावी. पानफुटीची पाने मूतखड्यावर म्हणून मनानेच खाऊ नयेत. ती गुरा-शेळ्यांना विषारी ठरते. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीकही जोरदार रेचक आहे. शेराचा चीक डोळ्यात गेल्यास इजा होते, म्हणून तो मुलांच्या घरात आम्ही लावलाच नाही.

अण्णांचे गुडघे आहेत तसेच आहेत. गेल्या महिन्यात बटईदाराची बायको ज्वारीचे पोते घेऊन आली, तेव्हा अण्णांनी तिला चार पाने कागदात गुंडाळून दिली आणि बजावले, “पोरी, आठ दिवस पाणी घालू नको. मी फोन करून विचारीन.” आणि ते खरोखरच विचारतात.