बुधवारची घरसभा

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी गाडी आमच्या वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरूनच जाते. 1893च्या सुमारास नारायण वामन टिळक याच वाटेने नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने बोलता बोलता त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि तो वाचण्याचं वचन घेतलं. टिळक वाचू लागले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच खिळले. 10 फेब्रुवारी 1895ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या धानाच्या मुलुखातून धावणाऱ्या गाडीची ही गोष्ट सांगताना मला आजही भरून येतं.

टिळकांच्या विश्वासाची खरी ओळख मात्र पुढच्या चोवीस वर्षांत पटते. टिळकांनी अभंग रचले, टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ती कीर्तनं केली, दुष्काळात पोरकी झालेली मुलं घरात आणली. त्या मुलांचं जेवणखाण अर्थातच त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सांभाळलं. नवऱ्याच्या धर्मांतराने उन्मळून पडलेली ही बाई वर्षानुवर्षं स्वतःशी झगडून 1900 साली मंडळीत आली. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना माझं मन बाप्तिस्म्याच्या प्रसंगापेक्षा चुलीपाशीच जास्त रेंगाळतं.

आमची मंडळी लहान. स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भंडाऱ्यात ठाणं मांडलं. पुढे 29 नोव्हेंबर 1970ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. एवढा मोठा वारसा, पण बुधवारच्या घरसभेला भर पावसात कधी सहा-सातच माणसं जमतात. तबलजी आला नाही की गाणं टाळ्यांवर चालतं. संजीवन सभांना मी आवडीने जातो, मोठ्या मंडपातली प्रार्थना मलाही हलवते. पण विश्वासाची धग किती टिकली, हे मला या सहा-सात जणांत कळतं. कोण आजारी आहे, कुणाच्या पोराची फी राहिली आहे, कुणाचं कुणाशी बोलणं तुटलं आहे, हे सगळं तिथे नावानिशी प्रार्थनेत येतं. आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी डबा घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढतं.

धान घरात आलं की कापणीचा सण. वेदीपुढे चिन्नोर तांदळाच्या पिशव्या, लाखोरीची डाळ, जवस, शिंगाडे, कोहळी मांडलेली असतात. उपासना संपली की आवारात लिलाव. एका वर्षी एका म्हाताऱ्या बाईने पदराखालून पायलीभर तांदूळ काढून टेबलावर ओतला. लिलाव पुकारणाऱ्याने विचारलं, “आजी, घरी ठेवला का काही?” ती म्हणाली, “देवानं दिला तवा मोजून दिला का, बाबू?” त्या तांदळाची बोली चढत गेली. ज्याने घेतला त्याने तो परत टेबलावर ठेवला, पुन्हा लिलाव झाला. तिसऱ्याने घेतला आणि सरळ आजीच्याच घरी पोहोचवला. पुस्तकात वाचलेली कृपा मला त्या दुपारी पायलीच्या मापाने दिसली.

आता तरुण पोरं नागपूर-पुण्याला गेली आहेत. सुट्टीत येतात, गिटार लावतात, हिंदी गीतं उत्साहाने गातात. ते गाणं मला मनापासून आवडतं. मात्र टिळकांची भजनं त्यांच्या तोंडी नाहीत, याची रुखरुख लागून राहते. म्हणून यंदा पाळकसाहेबांना आम्ही सुचवलं आहे की संडे स्कूलच्या मुलांना बुधवारी घरसभेला आणावं, त्यांच्या हाती टाळ द्यावेत आणि प्रत्येक सभेत एक भजन पाठ करून घ्यावं. पेटीवर कोण बसणार, एवढंच ठरायचं राहिलं आहे.