पीजे, टेंपो आणि हरभऱ्याचे झाड

जामनेरला ‘पीजे’ म्हणजे रेल्वे. पाचोरा-जामनेर या अरुंद मार्गाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले हे नाव. शेंदुर्णी, पहूर अशी गावे घेत सुमारे ५६ किलोमीटर रमतगमत जाणारी ही गाडी २०२० सालच्या टाळेबंदीत थांबली. नाव मात्र बोलण्यात राहिले. पुण्याच्या महाविद्यालयांत त्याच दोन अक्षरांचा अर्थ ‘पांचट जोक’ असा होता. त्यामुळे ‘आम्ही पीजेने येतो’ हे माझे अत्यंत गंभीर विधान तिथे विनोद ठरले, आणि तोही पांचट.

‘पोपट होणे’, ‘टेंपोत बसवणे’, सिगारेटला ‘चैतन्यकांडी’ : अशा बनवलेल्या शब्दांची गंमत अर्थात फारशी नसते. अर्थ फजिती, खोटी स्तुती, इतका साधा असतो. गंमत असते ती तो अर्थ ठाऊक असलेल्यांत आपली गणना होण्यात. म्हणूनच हे शब्द अर्थासह कोशात मांडले की त्यांचा निम्मा जीव जातो.

पण ‘टेंपोत बसवणे’ हे चातुर्य आणि खानदेशातले ‘काय भो’ हे गावंढळ, असे का ठरावे? ‘भो’ हे आमच्याकडचे साधे, आपुलकीचे संबोधन. संस्कृत नाटकातले पात्र ‘भोः’ अशी हाक मारते, तेव्हा वर्गात कोणी हसत नाही. दोहोंचे नाते असो वा नसो, हसू शब्दात नसते. ते बोलणाऱ्याच्या पत्त्यात असते.

‘टेंपोत बसवणे’ याचा जुना अवतार म्हणजे ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणे’. रब्बीतला हरभरा ज्याने काळ्या रानात पाहिला आहे, त्याला ते ‘झाड’ गुडघ्याएवढे असते हे सांगावे लागत नाही. त्यावर चढून उंचीचा आनंद घेणारा माणूस क्षणभर डोळ्यांसमोर आणावा. हे कुणीतरी कुठल्याशा बांधावर, चारचौघांना हसवण्यासाठीच रचले असणार. पुढे शालेय पुस्तकाने त्याला ‘वाक्प्रचार’ ही पदवी दिली आणि ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या सूचनेखाली त्याचे हसू गाडले. आजचा वाक्प्रचार हा बहुधा कालचा टवाळ शब्दच असतो. फक्त त्याची टवाळी विसरली गेलेली असते.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ने १९६३ साली याच्या नेमका उलटा डाव टाकला. खानदेशातल्या सांगवीहून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग नवे शब्द घडवीत बसत नाही. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’, ‘थोर’ हे व्याख्यानांतले प्रतिष्ठित शब्द तो असे वापरतो, की त्यांच्यातली पोकळी वाजू लागते. ज्या प्रमाणभाषेने त्याच्यासारख्यांच्या बोलीला हसायचे, तिलाच त्याने टवाळ भाषा करून टाकले. पुढे कित्येक वाचकांच्या बोलण्यात हे शब्द त्याच तिरकस सुरात उतरले. परिघावरून आलेल्या मुलाने केंद्राच्या भाषेवर केलेली ही कुरघोडी मला त्या कादंबरीतल्या मोठ्या गोष्टींपैकी एक वाटते.

हल्ली शिकवताना वाक्प्रचारांच्या प्रश्नाला मी एक पोटप्रश्न जोडतो : यात हसण्यासारखे काय आहे, तेही लिहा. शहरातली हुशार मुले हरभऱ्यापाशी अडतात. मागच्या बाकावरचा, एरवी ‘भो’ तोंडातून निसटेल म्हणून गप्प राहणारा एखादा मुलगा तेवढ्यात हसू लागलेला असतो.